नेपाळ-जर्मन हस्तलिखित-संरक्षण योजना आणि तिच्या फलाचें मोजमाप

१. विषयप्रवेश

दोन राष्ट्रांनीं मिळून, सार्वजनिक पैशानें, जुन्या ग्रंथांच्या रक्षणाचें कार्य हातीं घेतलें म्हणजे त्या कार्याचा हिशेब दोन ठिकाणीं द्यावा लागतो. पैसा पुरविणाऱ्या सरकारास तो द्यावा लागतोच. परंतु ज्यांनीं आपल्या देवघरांतील पोथ्या विश्वासानें बाहेर काढून दिल्या त्या गृहस्थांसहि तो देणें प्राप्त असतें. पहिला हिशेब आंकड्यांत मागितला जातो. पोथ्या किती झाल्या, पानें किती झालीं, रिळें किती भरलीं, एवढें सांगितलें कीं तो पुरा होतो. दुसऱ्या हिशेबाचे प्रश्न निराळे असतात. पोथी वांचली काय, ती मागणारास सांपडते काय, आणि तिच्यामुळें पूर्वीं ठाऊक नव्हतें असें कांहीं कळलें काय, हे ते प्रश्न होत. या दोन हिशेबांचा मेळ कसा घालावा याचा विचार प्रस्तुत लेखांत एका प्रत्यक्ष उदाहरणावरून करावयाचा आहे.

यूरोपांत सरहद्दीवरील प्रदेशांच्या सहकार्यासाठीं १९९० पासून ‘इंटररेग’ या नांवानें सार्वजनिक निधीचे कार्यक्रम चालत आले आहेत. त्यांच्या हिशेबांत योजनेची ‘निष्पत्ति’ व योजनेचा ‘परिणाम’ अशीं दोन निरनिराळीं खातीं असतात. २०२१ ते २०२७ या कालखंडासाठीं ठरविलेल्या निर्देशकांत सरहद्दीपलीकडे सहकार्य करणाऱ्या संस्थांची संख्या ही निष्पत्तींत धरली आहे, आणि योजना संपल्यावरहि तें सहकार्य पुढें चालविणाऱ्या संस्थांची संख्या ही परिणामांत धरली आहे. हा भेद आपल्या जुन्या हिशेबपद्धतीस अपरिचित नाहीं. रोजकीर्दींत त्या त्या दिवशींचा व्यवहार जसा घडला तसा टिपला जातो. तो कोणाच्या खातीं कसा पडला हें खतावणीवांचून समजत नाहीं. नुसती रोजकीर्द दाखवून जो कारभारी नफा सांगूं लागेल त्यावर कोणी शहाणा सावकार विश्वास ठेवणार नाहीं.

उदाहरणासाठीं आम्हीं नेपाळ-जर्मन हस्तलिखित-संरक्षण योजना घेतली आहे. ही योजना १९७० सालीं सुरू होऊन २००१ सालीं समाप्त झाली. तिच्या आरंभास आतां पन्नासांहून अधिक वर्षें लोटल्यामुळें तिचें फळ काय आलें तें अनुमानानें न सांगतां दाखवून देतां येतें. शिवाय तिचा विषय पोथ्या हाच असल्यामुळें या त्रैमासिकाच्या वाचकांस त्यांतील बऱ्यावाईटाचा निवाडा स्वतः करतां येईल.

२. पूर्ववृत्त

नेपाळचें हवामान थंड, आणि तेथील बौद्ध विहार, शैव मठ व पंडितांचीं घराणीं यांची परंपरा पुष्कळशी अखंड राहिलेली. या कारणांनीं जीं तालपत्रें सखल प्रदेशांत चारपांचशें वर्षांत नष्ट होतात तीं तेथें हजार हजार वर्षें टिकलीं. ही संपत्ति परदेशस्थ विद्वानांच्या दृष्टीस प्रथम आणली ती ब्रायन हॉजसन यानें. काठमांडूच्या इंग्रज वकिलातींत असतां त्यानें बौद्ध संस्कृत ग्रंथांच्या प्रती करवून कलकत्ता, लंडन व पॅरिस येथील संस्थांस पाठविल्या. पॅरिसला १८३७ सालीं पोंचलेल्या थोड्याशा पोथ्यांवरून यूजेन ब्यूर्नूफ यानें १८४४ सालीं भारतीय बौद्ध धर्माच्या इतिहासाचा आपला प्रख्यात प्रस्तावनाग्रंथ प्रसिद्ध केला. पुढें वकिलातीचा डॉक्टर डॅनियल राइट यानें केंब्रिज विद्यापीठासाठीं पोथ्या मिळविल्या व त्यांची सूची सेसिल बेंडॉल यानें १८८३ सालीं छापली. या सर्व व्यवहाराचें एक लक्षण असें कीं, विद्या जिकडे गेली तिकडे पोथीहि गेली. मूळ मालकाच्या पदरीं मोबदल्यापलीकडे कांहीं राहिलें नाहीं.

महामहोपाध्याय हरप्रसाद शास्त्री यांचें कार्य निराळ्या जातीचें होतें. त्यांनीं नेपाळच्या दरबार ग्रंथालयांतील तालपत्रांची व निवडक कागदी पोथ्यांची सूची दोन भागांत, १९०५ व १९१५ सालीं, कलकत्त्यास प्रसिद्ध केली. पहिल्या भागास बेंडॉल यानें ऐतिहासिक प्रस्तावना जोडली. येथें पोथी जागच्या जागीं राहिली आणि तिचें वर्णन तेवढें सरहद्द ओलांडून आलें.

महाराष्ट्राचा या पोथ्यांशीं संबंध आला तो राजगुरु हेमराज पंडित यांच्या औदार्यामुळें. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें १९१९ सालीं आरंभिलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीपैकीं आदिपर्व १९३३ सालीं पुरें झालें. त्यानंतर नेपाळांतील आदिपर्वाची एक अतिप्राचीन पोथी डॉ. वि. सी. सुखठणकर यांस राजगुरूंच्या द्वारां पाहावयास मिळाली, आणि आदिपर्वाच्या उपलब्ध पोथ्यांत सर्वांत जुनी म्हणून तिच्यावर त्यांनीं संस्थेच्या वार्षिकांत स्वतंत्र निबंध लिहिला. त्याच सुमारास, १९३८ सालीं, राजगुरूंच्या संग्रहांतील पोथीवरून काश्यपसंहिता मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यांत छापली गेली व तिला राजगुरूंनीं विस्तृत उपोद्घात लिहिला. हीं दोन्ही फळें मोठीं खरीं. पण तीं एका विद्वानाच्या दुसऱ्यावरील स्नेहाचीं फळें होत. स्नेह नसलेल्या, परक्या, अप्रसिद्ध अभ्यासकास ती वाट मोकळी नव्हती. पुढील योजनेचें मोजमाप करतांना हें ध्यानांत ठेवणें अवश्य आहे.

३. योजनेचें स्वरूप

दरबार ग्रंथालय मागाहून वीर पुस्तकालय या नांवानें प्रसिद्ध झालें व त्यांतील हस्तलिखितें १९६७ सालीं स्थापन झालेल्या राष्ट्रीय अभिलेखालयांत आलीं. त्यानंतर तीन वर्षांनीं नेपाळ सरकार व १८४५ सालीं स्थापन झालेली जर्मन प्राच्यविद्या सभा यांच्यांत करार होऊन योजनेस प्रारंभ झाला. खर्चाचा भार जर्मन संशोधन-प्रतिष्ठानानें उचलला. या प्रतिष्ठानाचा निधि मुख्यतः तेथील संघसरकार व घटकराज्यें यांच्याकडून येतो. म्हणजे तो करदात्याचा पैसा होय. काठमांडूंतील कामावर देखरेख करणारांत मायकेल विट्सेल हे १९७२ ते १९७८ पर्यंत होते.

कराराचें मुख्य तत्त्व असें कीं, मूळ पोथी मालकाकडून हलवावयाची नाहीं. तिची मायक्रोफिल्म घ्यावयाची. फिल्मचा एक संच काठमांडूच्या राष्ट्रीय अभिलेखालयांत राहिला व दुसरा बर्लिनच्या राज्य ग्रंथालयांत गेला. अभिलेखालय व केसर ग्रंथालय येथील संग्रह, मठविहारांतील व खाजगी घरांतील पोथ्या, आणि उत्तरेकडील डोंगरी मुलखांतील तिबेटी ग्रंथ, हीं सर्व क्षेत्रें योजनेंत आलीं. पोथीचें चित्र घेतेवेळीं तिच्यासंबंधीं एक टिपण-पत्रिका तयार होई. प्रत्येक नोंदीस रिळाच्या मालिकेचें अक्षर, रिळाचा अंक व रिळावरील अनुक्रम मिळून एक क्रमांक दिलेला असे. उदाहरणार्थ, ‘ए ४१/१४’ म्हणजे ‘ए’ मालिकेंतील ४१ व्या रिळावरील १४ वी नोंद.

२००१ सालीं चित्रणाचें काम थांबलें तेव्हां सुमारें १,८०,००० हस्तलिखितें व त्यांचीं ५० लक्षांवर पानें चित्रित झालेलीं होतीं. २००२ पासून २०१४ पर्यंत हांबुर्ग विद्यापीठाच्या आश्रयानें व त्याच प्रतिष्ठानाच्या पैशानें सूचीकरणाची दुसरी योजना चालली. तिनें पोथ्यांच्या नांवांची प्राथमिक यादी सिद्ध केली व कित्येक पोथ्यांचें सविस्तर वर्णन केलें. परंतु साऱ्या पोथ्यांचें तसें वर्णन झालेलें नाहीं. पुष्कळांची ओळख अद्यापि यादींतील नांवावरच अवलंबून आहे.

४. आंकड्यांची परीक्षा

एक लक्ष ऐशीं हजार हा आंकडा मोठा आहे, आणि तो खोटाहि नाहीं. परंतु तो कशाचा आंकडा आहे हें विचारलें पाहिजे.

प्रथम साधा त्रैराशिक हिशेब करून पाहूं. ३१ वर्षांत १,८०,००० म्हणजे वर्षास सरासरी ५,८०० पोथ्या पडतात. वर्षाचे कामाचे दिवस ३०० धरले तर दिवसास १९ पोथ्या व सुमारें ५४० पानें येतात. पोथी सोडणें, पानें क्रमानें लावणें, तुटकें पान संभाळून पसरणें, चित्र घेणें आणि पोथी पूर्ववत् बांधणें, हीं कामें ज्यांनीं स्वतः केलीं आहेत त्यांस या वेगाची योग्यता सांगावयास नको. आतां हाच वेग सूचीकरणास लावा. बारा वर्षांत १,८०,००० पोथ्यांचें वर्णन करावयाचें तर दिवसास ५० पोथ्या झाल्या पाहिजेत. पुष्पिका वाचणें, नेपाळ संवताचें गणित करून मिति ठरविणें, निनांवी ग्रंथ ओळखणें, ही विद्या त्या वेगानें चालत नाहीं. यावरून सूचीकरण अपुरें कां राहिलें हें उघड होतें. तो आळसाचा परिणाम नव्हे. यंत्राच्या वेगानें होणारें काम व पंडिताच्या वेगानें होणारें काम एकाच मापानें मोजलें तर दुसरें नेहमींच मागें पडलेलें दिसणार.

दुसरी गोष्ट सरासरीची. ५० लक्ष पानांस १,८०,००० नीं भागिलें असतां एका पोथीस सुमारें २८ पानें येतात. पुराणें, महाभारताचीं पर्वें, मोठमोठीं तंत्रें यांच्या पोथ्या शेंकडों पानांच्या असतात. तेव्हां सरासरी २८ वर येण्यास दोनचार पानांचीं स्तोत्रें, कवचें व पूजाविधीचीं टिपणें यांचा भरणा फार मोठा असला पाहिजे. पोथ्यांची संख्या पुढें केली म्हणजे या लहान वस्तूंनीं आंकडा फुगतो. पानांची संख्या पुढें केली म्हणजे त्यांचें महत्त्व नाहींसें होतें. आणि इतिहासकारास तर कधीं कधीं चार पानांचें टिपणच चारशें पानांच्या पुराणाहून अधिक उपयोगी पडतें.

तिसरी गोष्ट ‘एक पोथी’ म्हणजे काय ही. आपल्याकडील बाडांचा अनुभव वाचकांस आहेच. एका बाडांत पंचवीस संतांचीं पदें, दोन बखरींचे तुकडे व औषधांच्या यादी असतात. संग्रहाच्या वहींत मात्र तें बाड ‘एक’ म्हणून चढतें. नेपाळांत घडीच्या कागदांच्या पुस्तिकांस ‘थ्यासफू’ म्हणतात. त्यांचीहि तीच रीत. उलट पक्षीं एकाच पोथीचें चित्रण दोनदां झाल्याचीं उदाहरणें सूचींत आढळतात. तेथें एका वस्तूस दोन क्रमांक पडले आहेत. म्हणजे आंकडा एकीकडे वस्तुस्थितीहून कमी व दुसरीकडे अधिक आहे.

पान हें मापहि तितकेंच ढिलें आहे. समजा, एका पानाच्या प्रत्येक बाजूस सहा ओळी व ओळींत अठ्ठेचाळीस अक्षरें आहेत. दोन्ही बाजू मिळून ५७६ अक्षरें झालीं. दुसऱ्या पानावर बाजूस पांच ओळी व ओळींत बत्तीस अक्षरें असतील तर तीं ३२० च होतात. गणतींत दोन्ही पानें सारखीं. आमच्या जुन्या लेखकांस ही अडचण चांगली ठाऊक होती व तिचा परिहारहि त्यांनीं केला होता. बत्तीस अक्षरांचा एक ‘ग्रंथ’ धरून साऱ्या पोथीची ग्रंथसंख्या ते शेवटीं ‘ग्रंथाग्र’ म्हणून नोंदवीत. गद्य असो कीं पद्य असो, तेंच माप. वरील दोन पानांची ग्रंथसंख्या अनुक्रमें १८ व १० होईल. लेखनाची मजुरी चुकविण्यास हें माप उपयोगीं पडे, आणि पोथींतून कांहीं गळालें आहे काय हें ताडून पाहण्यासहि उपयोगीं पडे. निष्पत्तीचें माप कसें असावें याचा हा उत्तम नमुना होय. तें वस्तूच्या आकारावर अवलंबून नाहीं, तिऱ्हाइतास पुनः मोजून पाहतां येतें, आणि त्यांतून वस्तूचें न्यूनहि कळतें. रिळांच्या संख्येंत यांपैकीं तिसरा गुण नाहीं.

५. फलाची परीक्षा

आतां खतावणीकडे वळूं. नेपाळच्या पोथ्यांवरून गेल्या पन्नास वर्षांत पुष्कळ ग्रंथ प्रसिद्ध झाले. त्यांपैकीं चार उदाहरणें आम्ही घेतों.

(१) गोपालराजवंशावली. चौदाव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेली ही वंशावळी नेपाळच्या मध्ययुगीन इतिहासाचें मुख्य साधन होय. बंगालचा सुलतान शम्सुद्दीन इलियास यानें १३४९ सालीं काठमांडूच्या खोऱ्यावर स्वारी करून देवस्थानांचा विध्वंस केला ही हकीकत तिच्यांत आहे व स्वयंभू येथील शिलालेखानें तिला दुजोरा मिळतो. बेंडॉल यास ही पोथी १८९८-९९ च्या प्रवासांत दरबार ग्रंथालयांत सांपडली. संपूर्ण पोथीचीं छायाचित्रें, मूळ व भाषांतरें यांसह ती धनवज्र वज्राचार्य व कमल प्रकाश मल्ल यांनीं १९८५ सालीं प्रसिद्ध केली. नेपाळ संशोधन केंद्र, म्हणजे याच सहकार्यांतील जोडसंस्था, हिच्या ग्रंथमालेंत ती निघाली.

(२) प्राचीन स्कंदपुराण. आज छापील मिळणाऱ्या खंडात्मक स्कंदपुराणाहून सर्वथा भिन्न व जुनें असें हें पुराण नेपाळांतील तालपत्रांत टिकलें. त्याची एक पोथी इ. स. ८१० ची आहे. तिचा फिल्म-क्रमांक बी ११/४. हरप्रसादशास्त्र्यांच्या १९०५ च्या सूचींत या पुराणाची नोंद होती. कृष्णप्रसाद भट्टराई यांनीं तें काठमांडूस १९८८ सालीं छापलें, आणि नेदरलंडांतील ग्रोनिंगेन येथून आड्रियान्सेन, बाकर व इसाकसन यांच्या चिकित्सक आवृत्तीचा पहिला खंड १९९८ सालीं निघाला.

(३) निश्वासतत्त्वसंहिता. शैव तंत्रांपैकीं उपलब्ध असलेला हा सर्वांत जुना ग्रंथ नवव्या शतकाच्या सुमाराच्या एका तालपत्र-पोथींत राहिला. वर सांगितलेला ए ४१/१४ हा क्रमांक तिचाच. हिची माहितीहि १९०५ च्या सूचींत आहे. डॉमिनिक गुडॉल व त्यांचे सहकारी यांनीं केलेल्या आवृत्तीचा पहिला खंड २०१५ सालीं पुदुच्चेरीच्या फ्रेंच संस्था व हांबुर्ग विद्यापीठ यांच्या संयुक्त विद्यमानें प्रसिद्ध झाला.

(४) सुश्रुतसंहिता. केसर ग्रंथालयांतील ६९९ क्रमांकाची पोथी इ. स. ८७८ ची आहे. फिल्म-क्रमांक सी ८०/७. छापील संहितेहून हिचा पाठ अनेक ठिकाणीं भिन्न आहे. कॅनडांतील अल्बर्टा विद्यापीठांत डॉमिनिक वुयास्टिक यांच्या नेतृत्वाखालीं, तेथील सार्वजनिक संशोधन-निधीच्या साहाय्यानें, या नेपाळी पाठपरंपरेचा अभ्यास झाला. निश्वासतत्त्वसंहिता व सुश्रुतसंहिता यांच्या या पोथ्यांची २०१३ सालीं युनेस्कोच्या जागतिक स्मृति-नोंदवहींत नोंद झाली.

आतां पहिल्या तीन ग्रंथांच्या वर्षांकडे पाहावें. योजनेच्या आरंभापासून मोजलें तर ते १५, १८, व ४५ वर्षांनीं बाहेर पडले. स्कंदपुराणाची चिकित्सक आवृत्ति धरली तर १८ च्या जागीं २८ येतात. विद्वानांस पोथीची प्रथम खबर लागल्यापासून मोजलें तर हींच अंतरें ८५ वर्षांच्या आंतबाहेर व निश्वासतत्त्वसंहितेच्या बाबतींत ११० वर्षें भरतात. करदात्याच्या प्रतिनिधीनें पांच वर्षांनीं, म्हणजे १९७५ सालीं, हिशेब मागून वही मिटली असती तर या चारहि ग्रंथांच्या खातीं शून्य पडलें असतें. २००१ सालीं मिटली असती तरी निश्वासतत्त्वसंहितेच्या आवृत्तीचें व सुश्रुताच्या अभ्यासाचें खातें कोरेंच राहिलें असतें. तेव्हां ग्रंथविषयक सहकार्याचें फळ अनुदानाच्या मुदतींत मोजणें हें आंब्याची कोय पुरून श्रावणांत पाडाची वाट पाहण्यासारखें होय.

६. श्रेयाची वांटणी

येथें कोणी असा आक्षेप घेईल कीं, हीं सर्व फळें योजनेच्या पदरांत घालणें योग्य नाहीं. हा आक्षेप आम्हांस बव्हंशीं मान्य आहे. वंशावळी, स्कंदपुराण व निश्वासतत्त्वसंहिता या तिन्ही पोथ्या योजनेच्या पूर्वींच विद्वानांस माहीत झाल्या होत्या. भट्टराई यांस मूळ पोथी काठमांडूंतच उपलब्ध होती. त्यांस फिल्मची गरज नव्हती. ग्रोनिंगेन, पुदुच्चेरी व अल्बर्टा येथील कामांस निरनिराळ्या देशांचा पैसा लागला. जर्मन खतावणींत ही सर्व रक्कम जमा धरली, व डच, फ्रेंच आणि कॅनडाच्या खतावण्यांतहि ती धरली गेली, तर एकच पीक चार शेतकऱ्यांनीं आपापल्या कणगींत दाखविल्यासारखें होईल.

मग योजनेचें म्हणून निश्चित असें काय उरतें? आमच्या मतें तें असें: ज्या पोथीसाठीं पूर्वीं राजगुरूंची ओळख लागे, ती पोथी आतां एका क्रमांकानें मागतां येऊं लागली. १९०५ च्या सूचीनें पोथी आहे एवढें जगास कळविलें. फिल्मनें ती दूरस्थ वाचकाच्या हातीं दिली. आणि क्रमांकामुळें दोन देशांतील दोन अभ्यासक आपण एकाच पोथीविषयीं बोलत आहों याची खात्री करून घेऊं लागले. आज नेपाळी पोथ्यांवरील कोणताहि विश्वसनीय ग्रंथ उघडला तरी आधारांच्या यादींत हे क्रमांक आढळतात. हा क्रमांक हें त्या विद्याक्षेत्रांतील चालू नाणें झाले आहे. १९७० च्या करारावर सही करणारें नेपाळचें राज्य २००८ सालीं प्रजासत्ताक झालें. करार झाला त्या वेळीं दुभंगलेली जर्मनी १९९० सालीं एक झाली. क्रमांक मात्र बदलले नाहींत. योजनेच्या अहवालांत ज्याची स्वतंत्र गणती होण्याचें कारण नव्हतें, असें हें तिचें सर्वांत टिकाऊ फळ होय.

याच न्यायानें सूचीकरणाची किंमत ठरते. ज्या पोथीचें चित्र झालें पण ओळख पटली नाहीं, तिला क्रमांक असूनहि कोणी मागणार नाहीं. कारण काय मागावयाचें हेंच ठाऊक नाहीं. चित्रण आधीं व वर्णन मागाहून, हा क्रम आम्ही चुकीचा म्हणत नाहीं. वाळवी व आग पंडिताच्या सवडीची वाट पाहत नाहींत. म्हणून आधीं चित्र घेऊन ठेवणें हेंच शहाणपणाचें होतें. आमचें म्हणणें इतकेंच कीं, १,८०,००० या आंकड्यानें चित्रणाचें काम पुरें झाल्याचें कळतें. तोच आंकडा साऱ्या कार्याचा म्हणून सांगितला तर निम्में काम झाकलें जातें.

७. न घडलेल्या हानीचें मोल

एक फळ असें आहे कीं, तें कोणत्याहि वहींत चढत नाहीं. संरक्षणाचें खरें मोल अनर्थ ओढवल्यावांचून दिसत नाहीं. २५ एप्रिल २०१५ रोजीं नेपाळांत झालेल्या भूकंपांत काठमांडूचा धरहरा मनोरा कोसळला, कित्येक जुनीं देवळें व हजारों घरें पडलीं. ज्या खाजगी पोथ्यांचें चित्रण झालेलें होतें, त्यांचा मजकूर त्या दिवशीं घराच्या भिंतीवर अवलंबून नव्हता. त्याची एक प्रत बर्लिनमध्यें होती. आपल्याकडे ५ जानेवारी २००४ रोजीं भांडारकर संस्थेवर झालेल्या हल्ल्यांत ग्रंथ व संग्रह यांची नासधूस झाली, तेव्हां एका जागीं एकच प्रत असण्याचा धोका महाराष्ट्रास कळून चुकला. दुसरी प्रत दुसऱ्या देशांत असणें हें सरहद्दीपलीकडील सहकार्याचें असें फळ आहे कीं तें एका देशाच्या योजनेस, ती कितीहि श्रीमंत असली तरी, मिळवितां येत नाहीं.

तथापि याहि फळाची मर्यादा सांगितली पाहिजे. चित्रानें मजकूर वांचतो. पोथी वांचत नाहीं. पानाची जात, शाईचा थर, फळ्यांवरील चित्रें, दोरीच्या छिद्रांची झीज, दुसऱ्या हातानें खरडून केलेली दुरुस्ती, हीं काळ्यापांढऱ्या फिल्मवर पुरतीं उतरत नाहींत. ‘संरक्षण’ या शब्दाखालीं चित्रांची संख्या लिहून मूळ पोथीकडे दुर्लक्ष झालें तर तो हिशेब शब्दच्छलाचा होईल.

८. निष्कर्ष

एवढ्या विवेचनावरून सार्वजनिक पैशानें होणाऱ्या ग्रंथविषयक सहकार्याचें मापन करतांना निदान पांच खातीं वेगळीं ठेवावीं असें आम्हांस वाटतें. पहिलें खातें वस्तूचें: पोथ्या, बाडें, सुटीं पानें यांची निरनिराळी संख्या, दुबार नोंदी वजा करून. दुसरें ग्रंथाचें: एकेका वस्तूंत किती कृति आहेत व शक्य तेथें त्यांचें ग्रंथाग्र किती. तिसरें ओळखीचें: किती कृतींचें नांव, काल व पुष्पिका जाणत्या मनुष्यानें वाचून लिहिली. चौथें उपलब्धतेचें: अनोळखी मागणारास क्रमांकावरून प्रत मिळते काय. पांचवें उपयोगाचें: त्या क्रमांकांचा आधार घेऊन काय प्रसिद्ध झालें, आणि त्यांत इतर देशांचा व पूर्वसूरींचा वांटा किती. या पांचांची बेरीज करूं नये. ती केल्यानें एकाची उणीव दुसऱ्याच्या विपुलतेखालीं लपते. आणि पांचवें खातें योजना संपतांच न मिटतां दहा, पंचवीस व पन्नास वर्षांनीं पुनः उघडून पाहावें.

या मापानें पाहतां नेपाळ-जर्मन योजना पहिल्या व चौथ्या खात्यांत उत्कृष्ट, तिसऱ्यांत अपुरी आणि पांचव्यांत उत्तरोत्तर वाढती अशी ठरते. दुसरें खातें तर अजून भरावयाचेंच आहे.

आपल्या देशांत राष्ट्रीय पांडुलिपि मिशन २००३ सालीं स्थापन झाल्यापासून पोथ्यांची गणती व चित्रण यांकडे सरकारचें लक्ष लागलें आहे, व संग्राहकांकडे पोथ्यांची मागणी होत असते. अशी मागणी आली असतां संग्राहकांनीं नकार देऊं नये. पण पोथी सोडण्यापूर्वीं तीन गोष्टी लेखी मागून घ्याव्या. पोथीस कायमचा क्रमांक कोणता मिळेल, तिचें वर्णन कोण व केव्हां करणार, आणि चित्राची प्रत परक्या अभ्यासकास कोणत्या अटीवर मिळेल, या त्या होत. बाड असल्यास त्यांतील प्रत्येक कृतीची यादी स्वतः करून सोबत द्यावी व तिची नक्कल आपल्यापाशीं ठेवावी. एवढी खबरदारी घेतली तर आपल्या पोथ्या केवळ कोणाच्या अहवालांतील आंकडा होऊन राहणार नाहींत, आणि पुढें खतावणी मांडणारास आधारासाठीं कांहीं तरी हातीं लागेल.